दोन की एक? जोडताऱ्यांच्या मोजणीची गोष्ट



लग्नात सप्तपदी झाली की गुरुजी वधूवरांना अरुंधती दाखवतात. पूर्वी हे रात्री, अंगणात होत असे. आता मंगल कार्यालयात, दुपारी साडेबाराला, पंखा फिरतोय त्या छताकडं बोट करून गुरुजी विचारतात, "दिसली का?" आणि वधूवर म्हणतात, "दिसली." आपल्यापैकी बहुतेक जण असं म्हणूनच संसाराला लागलो आहोत. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि "तुला हे कशावरून कळलं?" हा प्रश्न विचारण्याचाच पगार घेतला. तरी त्या दिवशी आम्हीही "दिसली"च म्हणालो होतो.

या अरुंधतीवरून आपल्याकडं एक न्याय आहे, स्थूलारुंधती न्याय. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो वापरला आहे. अरुंधती बारीक, एकदम नजरेला पडत नाही. म्हणून आधी तिच्या शेजारचा ठळक तारा दाखवायचा, "ही अरुंधती" म्हणायचं, नजर तिथं ठरली की तो बाजूला सारून खरी अरुंधती दाखवायची. हा न्याय लक्षात असू द्या, व्याख्यानाच्या शेवटी त्याच्याकडं परत यायचं आहे.

आता ही जोडी तारा म्हणून बघू. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून अरुंधती. डोळ्यांना दिसतात दोन. १६१७ मध्ये गॅलिलिओनं कास्तेल्ली या आपल्या शिष्याच्या सांगण्यावरून वसिष्ठाकडं दुर्बीण लावली, तर एकटा वसिष्ठच दोन निघाला. १८८९ मध्ये हार्वर्डमध्ये त्या दोघांपैकी एकाचा वर्णपट तपासला, तर तोही दोन. पुढं दुसराही दोन निघाला. आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. म्हणजे ऋषी-ऋषिपत्नीच्या जागी आज आपण सहा तारे मोजतो. दर वेळी कुणीतरी म्हणालं, "हे एक नव्हे, हे दोन आहेत." ते कशाच्या आधारावर म्हणालं, हा आजचा विषय. आणि हा इतिहास सांगण्याचं कारण असं की येत्या दहा-पंधरा वर्षांत ही मोजणी एका वेगळ्याच साधनानं सुरू होणार आहे, तिथं हा प्रश्न जवळजवळ उलटा होणार आहे.

सुरुवात एका पाद्र्यापासून करू. जॉन मिशेल, इंग्लंडमधला. आकाशात दोन तारे अगदी जवळजवळ दिसले, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, ते खरोखर जवळ आहेत. दोन, एक जवळ आहे, दुसरा त्याच्या कितीतरी मागं आहे, आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत योगायोगानं एकामागं एक आले आहेत. एसटीच्या खिडकीतून लांबचं देऊळ आणि जवळचा विजेचा खांब एकमेकांना टेकलेले दिसतात, तसं. मिशेलच्या काळात बहुतेकांना हा दुसरा अर्थ पुरेसा वाटे. मिशेलनं १७६७ मध्ये हिशेब मांडला. तारे आकाशात मूठभर धान्य फेकावं तसे विखुरलेले असते, तर इतके तारे इतक्या जवळ येण्याची शक्यता किती? कृत्तिकांच्या सहा ठळक ताऱ्यांसाठी त्याचं उत्तर आलं, पाच लाखांत एक. म्हणजे योगायोग नव्हे. आता यात गंमत बघा. मिशेलनं एकाही जोडीबद्दल "ही खरी जोडी" असं सिद्ध केलं नाही. एकूणात खऱ्या जोड्या असल्याच पाहिजेत, एवढंच सिद्ध केलं. समूहाबद्दल खात्री, व्यक्तीबद्दल नाही. हे वाक्यही जरा लक्षात ठेवू.

दुसरा माणूस विल्यम हर्शल. पेशानं संगीतकार, बाथ गावात ऑर्गन वाजवणारा, बहीण कॅरोलिन मदतीला. त्यानं १७८२ मध्ये २६९ जोडताऱ्यांची यादी छापली. पण का? तर त्याला जोड्या नकोच होत्या! त्याला हवे होते योगायोगानं रेषेत आलेले तारे. जवळचा तारा पृथ्वीच्या वार्षिक फेरीमुळं मागच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित हलेल, त्यावरून अंतर काढता येईल, ही गॅलिलिओची युक्ती त्याला वापरायची होती. वीसेक वर्षांनी त्यानं मागं वळून त्याच जोड्या परत मोजल्या. मिथुनेतल्या कॅस्टरसारख्या ताऱ्यांच्या जोडीची दिशा बदलली होती, पण पृथ्वीच्या फेरीप्रमाणे वर्षाला मागंपुढं नव्हे, हळूहळू एकाच बाजूला वळत. कॅस्टरच्या बाबतीत तर ब्रॅडलीची १७५९ची जुनी नोंदही हाताशी होती. १८०३ मध्ये हर्शलनं जाहीर केलं की हे तारे एकमेकांभोवती फिरताहेत. अंतर मोजायला निघालेला माणूस, हाती लागलं भलतंच. नुसता जवळ दिसणारा जोडतारा आणि खरोखर एकमेकांना बांधलेला युग्मतारा, हा भेद तेव्हापासून पक्का झाला. १८२७ मध्ये सावारी या फ्रेंच माणसानं सप्तर्षींमधल्याच एका युग्माची कक्षा न्यूटनच्या नियमानं मांडून दाखवली. सूर्यमालेबाहेरही हाच नियम चालतो, याचा तो पहिला पक्का दाखला.

म्हणजे पहिल्या पर्वात दोन दिसत होते, त्यांचं नातं सिद्ध करायचं होतं. दुसऱ्या पर्वात दिसतो एकच, आणि तो दोन आहे असं म्हणायचं आहे. हे जास्त धाडसाचं काम. यॉर्कचा जॉन गुडरिक बहिरा होता, वय अठरा. १७८२-८३ मध्ये त्यानं अल्गोल तारा रोज रात्री बघून ठरवलं की तो दर दोन दिवस एकवीस तासांच्या सुमारास मंद होतो. त्यानं सुचवलं की एखादा काळोखा गोल त्याच्याभोवती फिरत त्याला झाकत असावा. किंवा, तो म्हणाला, ताऱ्यावर डाग असतील आणि तारा स्वतःभोवती फिरत असेल. दोन्ही शक्यता त्यानं प्रामाणिकपणे लिहिल्या. एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याची पहिली शक्यता खरी ठरायला १८८९ उजाडलं. जर्मनीत फोगेलनं वर्णपटावरून दाखवलं की अल्गोल ग्रहणाआधी आपल्यापासून दूर जातो आणि ग्रहणानंतर जवळ येतो. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये पिकरिंगला वसिष्ठाच्या वर्णपटातली एक रेघ कधी एकेरी, कधी दुहेरी दिसली. आणि अँटोनिया मॉरीनं सारथी तारकासमूहात असाच दुसरा तारा शोधला. तिला त्या काळी श्रेय किती जपून मोजून दिलं गेलं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज मोहाला आवर घालू.

बेसेलचं उदाहरण मात्र सोडता येत नाही. व्याधाचा तारा सरळ न जाता किंचित डोलत चालतो, हे त्यानं मोजलं, आणि १८४४ मध्ये म्हणाला, याच्यासोबत न दिसणारा कुणीतरी आहे. लोकांनी विचारलं असेल, न दिसणारा तारा म्हणजे काय? बेसेलचं उत्तर तर्कशास्त्राच्या शिक्षकानं वर्गात सांगावं असं होतं: असंख्य तारे दिसतात, यावरून न दिसणारे असंख्य नाहीत असं सिद्ध होत नाही. १८६२ मध्ये अमेरिकेत क्लार्क एका नव्या भिंगाची चाचणी घेताना व्याधाशेजारी तो सोबती दिसला. पृथ्वीएवढा आकार आणि सूर्याएवढं वस्तुमान असलेला हा श्वेत बटू तारा. अशा ताऱ्याला सूर्याच्या १.४ पटींच्या पलीकडं स्वतःचा भार पेलत नाही, हे पुढं १९३०च्या दशकात चंद्रशेखरांनी दाखवलं.

हे श्वेत बटूच आजच्या गोष्टीचे नायक आहेत, म्हणून इथं जरा थांबू. सूर्यासारख्या ताऱ्यांचा शेवट श्वेत बटूत होतो. तारे पुष्कळदा जोडीनं जन्मतात, म्हणून श्वेत बटूंच्या जोड्याही पुष्कळ असल्या पाहिजेत. ते लहान असल्यामुळं एकमेकांच्या फार जवळ येऊ शकतात. किती जवळ? श्यामशबल तारकासमूहातला 'एएम' नावाचा तारा घ्या. १९६७ मध्ये पोलंडच्या स्माकनं दाखवलं की त्याचा उजेड साधारण साडेसतरा-अठरा मिनिटांच्या तालावर बदलतो. वर्षाचे दिवस नव्हेत, महिन्याचे नव्हेत, मिनिटं! दोन तारे एकमेकांभोवती इतक्यात फेरी पुरी करतात, म्हणजे आम्ही कॉलेजात हजेरी घेऊन पाठ सुरू करेपर्यंत एक वर्ष संपलं. त्याच वर्षी पचिन्स्की या दुसऱ्या पोलिश खगोलशास्त्रज्ञानं लिहिलं की अशा जोडीचं भवितव्य गुरुत्वीय लहरी ठरवतील. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे एकमेकांभोवती फिरणारी वस्तुमानं अवकाशकाळात लहरी उठवतात, त्या लहरी ऊर्जा घेऊन जातात, आणि जोडी हळूहळू आत सरकते. १९६७ मध्ये हे कागदावर होतं. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी सापडली, पावणेआठ तासांच्या फेरीची. ती बरोबर त्या सिद्धान्ताच्या हिशेबानंच आकसत होती. त्यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

पण ही जोडी आहे हे कशावरून, हा प्रश्न इथंही पिच्छा सोडत नाही. १९९०च्या दशकात रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाला कर्क राशीत एक उगम सापडला, एचएम कँक्री. त्याचा उजेड ३२१ सेकंदांच्या, म्हणजे जेमतेम साडेपाच मिनिटांच्या तालावर कमी-जास्त होतो. दुसरा कुठलाच ताल दिसत नाही. मग भांडण सुरू झालं. एक पक्ष म्हणाला, ही दोन श्वेत बटूंची जोडी आहे, ३२१ सेकंद म्हणजे एक फेरी. दुसरा म्हणाला, छे, हा एकच श्वेत बटू स्वतःभोवती ३२१ सेकंदांत फिरतोय, सोबती आहे पण तो बराच लांब. तिसऱ्यानं विजेच्या जनित्रासारखी काही रचना सुचवली. गुडरिकच्या दोन शक्यता आठवतात ना? ग्रहण की डाग? सव्वादोनशे वर्षांनी तोच वाद. दहाएक वर्षं तो चालला, आणि २०१० मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीवर वर्णपटाच्या रेघा ३२१ सेकंदांच्या तालावर मागंपुढं सरकताना पकडल्या, तेव्हा जोडीचा पक्ष जिंकला. जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी एक लागली, एवढ्या मंद ताऱ्यासाठी. आपल्या आकाशगंगेत अशा जोड्या कोटीच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे. कितींसाठी केक मिळणार? आणि आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूला, धुळीच्या पडद्याआड ज्या आहेत, त्यांचा उजेड तर पोचतच नाही.

इथं गुरुत्वीय लहरी कामाला येतात. त्यांना धूळ अडवत नाही. दुसरं, आणि आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं: एकटा गोल तारा स्वतःभोवती कितीही फिरला तरी अशी लहर उठवत नाही. कणीक मळल्यासारखं वस्तुमान इकडून तिकडं फिरलं पाहिजे, म्हणजे दोघं लागतात. एचएम कँक्रीच्या दिशेनं दर १६० सेकंदांनी एक लहर आली (फेरीत दोनदा, म्हणून निम्मा काळ), तर वाद संपला. 'लहर आहे म्हणून युग्म आहे.' नैयायिक म्हणतील, धूर आहे म्हणून अग्नी आहे, तसंच.

मग ऐकायचं कुठून? २०१५ मध्ये लायगोनं पहिली लहर पकडली, तिचा गाजावाजा आपल्याला आठवतो. कृष्णविवरांच्या जोडीची ती शेवटची किंकाळी होती, सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपली. लायगोचे हात चार किलोमीटरचे, आणि त्याला सेकंदाला दहा-वीस हेलकाव्यांच्या वरचंच ऐकू येतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, त्याबद्दल लोक आम्हाला विचारतात, "मग हे बटू तारे तिथं ऐकू येतील का?" नाही येणार. काही मिनिटांत एक हेलकावा येणारी लहर जमिनीवर पकडता येत नाही. जमीन हलते, आणि ती थोपवली तरी जमिनीच्या आणि हवेच्या वस्तुमानाची हालचाल स्वतःच्या गुरुत्वानं उपकरणाला ओढत राहते. गुरुत्वाला भिंत घालता येत नाही. म्हणून अवकाशात जायचं.

ही कल्पना १९७०च्या दशकातली आहे. कोलोरॅडोत पीटर बेंडर आणि त्यांचे सहकारी यांनी ती लावून धरली. १९९३ मध्ये लिसा या नावानं युरोपीय अवकाश संस्थेकडं, म्हणजे ईसाकडं, प्रस्ताव गेला. मग सुरू झाल्या तारखांवर तारखा. २०११ मध्ये नासानं पैशाअभावी अंग काढून घेतलं, युरोपानं छोटी आवृत्ती आखली, नासा नंतर परत आली. डिसेंबर २०१५ मध्ये लिसा पाथफाइंडर नावाचं चाचणीयान गेलं. सोनं आणि प्लॅटिनमचे दोन ठोकळे, प्रत्येक ४६ मिलिमीटरचा, सुमारे दोन किलोचा, एकमेकांपासून ३८ सेंटिमीटरवर, यानाच्या पोटात कशालाही न टेकता तरंगत ठेवायचे. ते अपेक्षेपेक्षा कितीतरी शांत राहिले. २५ जानेवारी २०२४ ला ईसानं लिसाला अखेरची मंजुरी दिली. उड्डाण २०३५ मध्ये व्हायचं आहे. तीन यानं, पंचवीस लाख किलोमीटरच्या बाजूंचा त्रिकोण, पृथ्वीच्या मागोमाग पाच कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरणारा. यानांमधलं अंतर मीटरच्या लाख-कोटीव्या भागाइतकं बदललं तरी लेझरनं टिपायचं. ज्यांनी हे सुचवलं त्यांच्या पिढीनं निकाल बघणं कठीण आहे. देवळाचा पाया घालणाऱ्यांना कळस बघायला मिळत नसे, तशातला प्रकार.

इथं पुण्याचा एक धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. लायगोमध्ये दोन हात सारख्या लांबीचे असतात, त्यामुळं लेझरची स्वतःची थरथर दोन्ही वाटांनी सारखीच परत येते आणि वजा होते. लिसाचे हात कायम बदलत राहणार, एकमेकांपेक्षा हजारो किलोमीटरनी लहानमोठे. थरथर वजा होणार नाही, आणि ती थरथर लहरीच्या कितीतरी पट मोठी. उपाय असा की सगळी मोजमापं जशीच्या तशी घ्यायची आणि मग संगणकावर त्यांना योग्य तेवढा उशीर देऊन अशी जुळवायची की थरथर मरेल आणि लहर उरेल. अमेरिकेत टिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही वाट काढली. पण अशा जुळण्या किती, आणि सगळ्या सापडल्या हे कशावरून? आयुकातले संजीव धुरंधर, राजेश नायक आणि फ्रान्समधले व्हिने यांनी २००२ मध्ये दाखवलं की या सगळ्या जुळण्यांची मिळून एक बीजगणिती रचना होते, आणि मोजक्या मूळ जुळण्यांतून बाकी सगळ्या तयार होतात. शुद्ध गणितातलं एक अंग, ज्याचा कुणाला उपयोग आहे असं गणित्यांनाही वाटलं नसेल, ते इथं कामी आलं.

आता मुख्य प्रश्न. त्रिकोणाला सगळीकडून, एकाच वेळी लहरी येणार. कान एक, आवाज कोटीभर. जोड्या वेगळ्या कशा करायच्या?

तंबोरा जुळवताना आपण काय करतो? मधल्या दोन तारा, जोडीच्या, एकाच षड्जावर लावायच्या असतात. त्या किंचित वेगळ्या असतील तर आवाज डोलतो. फरक मोठा असेल तर डोल भराभर, फरक जितका कमी तितका डोल सावकाश. अगदी बारीक फरक ओळखायचा तर कान लावून जास्त वेळ थांबावं लागतं. लिसाचंही तेच. चार वर्षं सलग ऐकलं, तर चार वर्षांत एका हेलकाव्याचा फरक असलेल्या दोन जोड्या कशाबशा वेगळ्या करता येतील. म्हणजे वारंवारतेची पट्टी तेवढ्या बारीक कप्प्यांत विभागली जाते. एक दशांश मिलिहर्ट्झपासून एक मिलिहर्ट्झपर्यंत असे कप्पे होतात लाख-सव्वा लाख. आणि त्या टापूत जोड्या कोटीच्या घरात. एकेका कप्प्यात शेकड्यांनी. तिथं काही सुटं होणार नाही. वारी लांबून जाताना एकच टाळाचा नाद येतो, कुठली दिंडी कुठं ते कळत नाही, तसा नुसता घोष राहील. हा घोष किती मोठा असेल याचा हिशेब बेंडर आणि सहकाऱ्यांनी १९९०लाच करून ठेवला होता. दोन-तीन मिलिहर्ट्झच्या वर मात्र जोड्या विरळ होतात, आणि एकेक सुटी ऐकू येऊ लागते. अशा हजारो, कदाचित दहा हजारांच्या वर, सुट्या होतील असा अंदाज आहे.

सुटी झाली की तिची ओळख कशी पटवायची? लिसा सूर्याभोवती फिरते, त्यामुळं वर्षभरात ती एखाद्या जोडीकडं जाते आणि मग तिच्यापासून दूर जाते. स्वर दहा हजारांत एक भाग वर-खाली होतो, दोन मिलिहर्ट्झला पंचवीसेक कप्पे. हा चढउतार कधी होतो त्यावरून दिशा कळते. त्रिकोण स्वतःही कलंडत फिरतो, त्यामुळं लहरीची उंची वर्षभर बदलते, त्यावरून कक्षा आपल्याकडं किती कललेली आहे ते कळतं. आणि सगळ्यात मोलाची खूण म्हणजे स्वराचं चढणं. जोडी आत सरकते, फेरी लवकर पुरी होते, स्वर चढतो. किती वेगानं चढतो यावरून वस्तुमानाचा अंदाज येतो, आणि वस्तुमान कळलं की लहरीच्या उंचीवरून अंतर. जवळचा हलका कोण आणि लांबचा जड कोण, हा भेद या चढण्यामुळंच करता येतो. दुर्बिणीनं हे चढणं आताच दिसू लागलं आहे. २०११ मध्ये सापडलेल्या पावणेतेरा मिनिटांच्या एका जोडीची ग्रहणं वर्षभरात सहा सेकंद आधी येऊ लागली होती. २०१९ मध्ये पालोमारच्या पाहणीत तर सात मिनिटांहूनही कमी वेळाची, ग्रहणं दाखवणारी जोडी मिळाली.

एका ताऱ्याचं वस्तुमान दुसऱ्यावर सांडू लागलं असेल तर हिशेब बदलतो. मग जोडी दूर जाऊ शकते आणि स्वर उतरतो. म्हणून म्हणावंसं वाटतं, चढतो तो सुटासुटा, उतरतो तो सांडणारा. पण एचएम कँक्री इथंही आडवा येतो. तिथं वस्तुमान सांडतंय, तरी स्वर चढतोच आहे. खूण चांगली आहे, पण व्याप्ती निरपवाद नाही. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची कक्षा लांबट असू शकते, मग एकाऐवजी स्वरांची मालिका येते. बटूंच्या जोड्या बहुधा वर्तुळाकार, म्हणून एकच स्वर.

हे कुणाला बारकावे वाटतील, पण यात मोठा पैसा लागलेला आहे, म्हणजे विश्वाच्या हिशेबाचा पैसा. दूरच्या दीर्घिकांची अंतरं ज्या एका जातीच्या स्फोटांवरून मोजतात, ते स्फोट श्वेत बटूंचे असतात. पण कोण स्फोटतो? मोठ्या सोबत्याकडून ओरबाडून भार वाढवलेला एकटा बटू, की एकमेकांत विलीन होणारे दोन? यावर अजून एकमत नाही. ज्यांचं मिळून वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेच्या वर जातं अशा जोड्या आकाशगंगेत किती आहेत, हे लिसा मोजणार आहे.

आणि इथं येऊन आमच्या व्यवसायाचं कुतूहल जागं होतं. हर्शलला मोजण्यात अडचण नव्हती, दोन ठिपके म्हणजे दोन. नातं सिद्ध करायला त्याला पंचवीस वर्षं लागली. लिसाला नातं आधीच दिलेलं आहे, कारण बांधलेल्या जोडीशिवाय ही लहर येतच नाही. मोजणी मात्र सरळ नाही. विदेतून दहा हजार स्रोत काढायचे म्हणजे एकेक उचलून टोपलीत टाकायचा असं नाही. एकाच्या हिशेबात केलेली चूक शेजारच्याच्या माथी बसते, म्हणून सगळे एकदम सोडवावे लागतात. आणि एकूण किती, हीच एक अज्ञात संख्या असते. एखाद्या जागी अकरा जोड्या मानल्या तरी विदेशी जुळतं, बारा मानल्या तरी जुळतं. दोन खऱ्या जोड्यांच्या मिळून झालेल्या लहरीला एकच खोटी जोडी बेमालूम बसते. मग यादीत लिहिणार काय? तर इतक्या टक्के शक्यता की इथं एक आहे. २००६ पासून शास्त्रज्ञ बनावट विदा तयार करून एकमेकांना कोडी घालताहेत, तेव्हापासून ही अडचण सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवाय खालच्या वारंवारतांच्या जोड्या इतक्या सावकाश आत सरकतात की चार वर्षांत स्वर चढलेला कळणारच नाही. चढणं नाही म्हणजे वस्तुमान नाही, वस्तुमान नाही म्हणजे अंतर नाही. तरी यादीत 'श्वेत बटूंची जोडी' असं लिहिलं जाईल. का? कारण आकाशगंगेत अशाच जोड्या बहुसंख्य आहेत. म्हणजे मिशेलच आला परत! समूहाबद्दलची खात्री आपण व्यक्तीच्या नावावर लिहितो. आम्ही याला दोष म्हणत नाही. डॉक्टरही पहिलं निदान असंच करतात. फक्त यादी वाचताना कुठली ओळ मोजलेली आणि कुठली बहुमतानं भरलेली, ते वेगळं ठेवायला हवं. पुढच्या पिढीतले विद्यार्थी यादीतून आकडे उचलतील, आणि छापलेल्या आकड्यावर ही खूण बहुधा नसते. पाठ्यपुस्तकं तपासण्याच्या कामात आम्ही हे इतक्या वेळा बघितलं आहे की इथं थोडा वैताग डोकावला तर माफ करा.

आता राहिला तो अरुंधतीचा न्याय. लिसा सुरू होईल तेव्हा कोटीभर आवाजांत आपला कान बरोबर लागला आहे, हे कसं कळणार? त्यासाठी दुर्बिणीनं आधीच पक्क्या केलेल्या जोड्यांची एक यादी तयार आहे. त्यांना पडताळणीच्या जोड्या म्हणतात. एचएम कँक्री त्यात आहे, श्यामशबलातला एएम आहे, ती पावणेतेरा मिनिटांची जोडी आहे. त्यांची दिशा ठाऊक, फेरीचा काळ ठाऊक. नैयायिकांच्या उदाहरणात धूर-अग्नीचं नातं आधी स्वयंपाकघरात बघितलेलं असतं, तिथं दोन्ही डोळ्यांसमोर असतात. मग डोंगरावर धुरावरून अग्नी. या पडताळणीच्या जोड्या म्हणजे आपलं स्वयंपाकघर. २०३५ला उड्डाण झालं तर जागेवर पोचायला आणखी दीडेक वर्ष. मग पहिल्यांदा ६.२ मिलिहर्ट्झला, कर्क राशीच्या दिशेनं कान लावतील. तिथं ठरलेला स्वर मिळाला तर पुढं. नाही मिळाला तर आधी आकाशाकडं नाही, उपकरणाकडंच बोट दाखवलं जाईल.

वसिष्ठाची जोडी मात्र या यादीत नाही. तिची फेरी साडेवीस दिवसांची, म्हणजे लहर दहा दिवसांत एक. लिसाला ती ऐकूच येणार नाही. कॅस्टरही नाही, व्याधही नाही. हर्शलच्या २६९ पैकी एकही त्यात नसेल, आणि लिसाच्या यादीतल्या बहुतेकांना कुठली दुर्बीण कधी बघू शकणार नाही.

आमची वेळ संपली आहे. समोर दोन हात वर दिसताहेत. निदान आम्हाला तरी दोनच दिसताहेत. आपण प्रश्न घेऊ.